ऑफर लेटर आले म्हणून लगेच राजीनामा देऊ नका

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटर आहे. नोकरीला 4 वर्षे 11 महिने झाले. एजंटमार्फत दुबईच्या एका कंपनीचे ऑफर लेटर आले आहे. एजंट म्हणतो, आजच राजीनामा द्या, आठ दिवसांत मोकळे व्हा, व्हिसा होऊन जाईल. माझी नोटीस दोन महिन्यांची आहे. राजीनामा कधी देऊ?

उत्तर : आज नक्कीच नको. तुम्ही पाठवलेल्या ऑफर लेटरमध्येच लिहिले आहे की नेमणूक व्हिसा मिळण्यावर अवलंबून राहील. व्हिसा अडला तर ती कंपनी हात वर करील आणि इथली नोकरी तुम्ही आपणहून सोडलेली असेल. एजंटचे यात काहीच जात नाही. त्याचा परवाना आधी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

राजीनामा नंतर मागे घेऊ, या भरवशावरही राहू नका. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये निकाल दिला, कारण राजीनामा स्वीकारल्याचे त्याला रीतसर कळवलेच नव्हते. पण तो राजीनामा होता 2013 चा! शिवाय ती सरकारी कंपनी. खासगी कारखान्यात स्वीकारल्याची मेल त्याच दिवशी येऊ शकते, मग हातात फारसे काही उरत नाही.

आता खरा पेच. दुबईचा नोकरीचा एंट्री परमिट (नोकरीसाठी तिथे शिरण्याचा व्हिसा) निघाल्यापासून साधारण 60 दिवसांत तिथे पोहोचावे लागते आणि तुमची नोटीसही तेवढीच. म्हणून कागदपत्रांचे अटेस्टेशन, म्हणजे ती खरी असल्याचे अधिकृत शिक्के, आत्ताच उरका. रुजू होण्याची तारीख परमिटनंतर किमान 50 दिवसांनी धरावी, असे दुबईच्या कंपनीकडून मेलवर घ्या. फोनवरचा होकार पुरेसा नाही. परमिट हातात आला आणि खरा असल्याची खात्री झाली, की त्याच दिवशी राजीनामा द्या. 45 दिवसांनी सोडण्याची विनंती त्यातच करा. कंपनी अडली, तर उरलेल्या दिवसांचा नोटीस पगार भरण्याची तयारी दाखवा. नेमणूकपत्रात तशी सोय आहे का, ते आधी पाहा. कोणतीही कंपनी तुम्हाला जबरदस्तीने कामावर ठेवू शकत नाही, पण नोटीस मोडून गेलात तर पैसे मागू शकते आणि अनुभवपत्रासाठी हेलपाटे घालायला लावते.

आठ दिवसांत सुटण्याचा सल्ला तुम्हाला सर्वात महाग पडेल तो ग्रॅच्युइटीत, म्हणजे नोकरी सोडताना सेवेबद्दल कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांत. त्यासाठी सलग 5 वर्षे लागतात. 4 वर्षे 240 दिवसही पुरतात, असे मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले आहे, पण त्यासाठी कंपनीशी भांडत बसावे लागेल, आणि तेही दुबईतून. नोटीसमध्ये प्रत्यक्ष काम केलेले दिवस सेवेतच धरले जातात. पैसे भरून टाळलेले दिवस धरले जात नाहीत. तुमचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 20,800 रुपये आहे. म्हणजे महिन्याचे 26 दिवस धरून वर्षाला 15 दिवसांच्या हिशेबाने 12,000, पाच वर्षांचे 60,000 रुपये.

राजीनाम्यात 'तात्काळ' हा शब्द घालू नका. शेवटचा कामाचा दिवस तारखेनिशी लिहा, आणि ती तारीख 5 वर्षे भरल्यानंतरचीच असू द्या. परदेशी जातो आहे, हे त्यात लिहायची गरज नाही.