तुझे निर्णय कुठे आहेत?

प्रिय मित्रा,

तुझा रेझ्युमे काल रात्री दोनदा वाचला. सोबतचा मेलही वाचला आणि मेलच जास्त आवडला. त्यात तू लिहितोस, 'दोन विभाग एकत्र करायचं मी ठरवलं, सगळे विरोधात होते, सहा महिने कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं.' त्याच वर्षाबद्दल रेझ्युमेत काय आहे? 'विभागीय पुनर्रचनेच्या प्रक्रियेत महत्त्वाची भूमिका.' भूमिका! नाटक बसवत होतास का?

तू विचारलंस, सोळा वर्षं दोन पानांत कशी मावायची, आणि सारखं 'मी, मी' लिहायची लाज वाटते त्याचं काय करायचं. खरी अडचण दुसरी आहे. ती सुटली की पानांचा प्रश्न आपोआप सुटेल.

निर्णय लिही. वरच्या जागेसाठी माणूस शोधणाऱ्यांना ऑपरेशन्सचा प्रमुख काय काय करतो हे ठाऊक असतं. बजेट बनवतो, आढावा घेतो, टीम सांभाळतो. हे तुझ्या आधीच्यानं केलं, तुझ्या नंतरचाही करील. त्यांना बघायचं असतं ते एवढंच की हातात काय होतं, कशात अडकला होतास, त्यातून तू काय निवडलंस, काय सोडून दिलंस आणि पुढे काय झालं. तुझ्या दोन पानांत '140 जणांच्या टीमचं नेतृत्व' तीन वेळा आहे. निर्णय एकही नाही.

आता त्या गोदामाचंच बघ. तू लिहिलंयस, 'पुरवठा साखळीत 30 टक्के सुधारणा.' कशाच्या 30 टक्के? खर्चाच्या, वेळेच्या, तक्रारींच्या? मूळ आकडा नसला की टक्केवारी हवेत लटकते, आणि बोर्डावरची माणसं आयुष्यभर अशाच टक्केवाऱ्या सोलत आलेली असतात. तू मेलमध्ये सांगितलंस तेच लिही ना: तीन गोदामांपैकी एक बंद करायचं ठरवलं, 18 महिन्यांत माल पोचायचा वेळ 9 दिवसांवरून 5 दिवसांवर आला, तिथल्या 40 पैकी 31 जणांना उरलेल्या दोन ठिकाणी सामावून घेतलं. उरलेल्या नऊ जणांबद्दल मुलाखतीत कुणीतरी विचारेलच. विचारू दे. कंपनीचे आकडे गोपनीय असतील तर प्रमाण दे, पण कशाचं प्रमाण ते सांग.

आता लाजेबद्दल. ही लाज मी वीस वर्षं जपली, म्हणून हक्कानं बोलते. एका मोठ्या जागेच्या शेवटच्या फेरीत समोरच्या गृहस्थांनी माझा रेझ्युमे टेबलावर उपडा ठेवला आणि विचारलं, 'तुम्ही नसतात तर यातलं काय घडलं नसतं?' मी म्हटलं, 'आमच्या टीमनं...' त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा 'आमच्या टीमनं'. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. घरी येताना मी स्वतःलाच सांगत होते की नम्र माणसांची कदर नाही. ती नम्रता नव्हती रे, सोय होती. 'आम्ही' लिहिलं की फसलेल्या गोष्टीचं ओझंही सगळ्यांत वाटलं जातं. ठरवलं मी, केलं टीमनं, हे दोन्ही एकाच ओळीत लिहिता येतं. 'मी ठरवलं' म्हणण्यात फुशारकी कसली? उलट चुकलं असतं तर कुणाची मान पकडायची, तेही त्यात येतं.

नोकरीच्या अर्जाचा विषय निघाला की लोक लिओनार्दो दा विंचीचं पत्र पुढे करतात. सुमारे 1482 साली त्यानं मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुदोविको स्फोर्झासाठी ते लिहिलं. दहा कलमं: उचलून नेता येतील असे हलके पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातलं पाणी काढणं, तोफा, झाकलेल्या गाड्या. चित्रकला पार शेवटी, शांततेच्या काळात काय करीन त्यात. वाचणाऱ्याला जे हवं ते आधी, एवढं त्याच्याकडून जरूर घे. म्हणजे धंदा वाढवायला माणूस हवा असेल तर तू उभारलेलं वर आण, घसरलेला सावरायचा असेल तर बंद केलेलं आणि वाचवलेलं वर आण. पण त्याचं पत्र पुष्कळसं 'मी करू शकतो'वर चालतं. तो तिशीत होता, शिवाय लिओनार्दो होता. तुझ्या जागेसाठी 'करू शकतो' चालत नाही, 'केलं' लागतं.

बाकी किरकोळ. 'दूरदृष्टीचा, परिणामाभिमुख नेता' ही पहिली ओळ काढून टाक. स्वतःला कुणी आखूड दृष्टीचा म्हणवत नाही. त्या जागी तीन ओळींत कोणता धंदा, केवढा, नफ्या-तोट्याची जबाबदारी होती की नाही, कुणाला रिपोर्ट करत होतास. पहिल्या सहा वर्षांना एकेक ओळ पुरे. तक्ते, दोन रकाने, चौकटी नकोत. अर्जांच्या छाननीची सॉफ्टवेअर त्यात कधी कधी अडखळतात. हेडहंटर, म्हणजे कंपन्यांसाठी वरच्या जागेची माणसं शोधणारे, पुष्कळदा तू संदर्भ म्हणून न दिलेल्या माणसांकडेही चौकशी करतात, तेव्हा दुसऱ्याचा निर्णय स्वतःच्या नावावर घालू नकोस.

आणि तो फसलेला उपक्रम तू गाळलास, तो परत घाल. माझ्या रेझ्युमेच्या पहिल्याच पानावर एक ओळ वर्षानुवर्षं होती: मी सुरू केलेलं एक काम दोन वर्षांनी मीच बंद केलं, कारण ग्राहक ओळखण्यात माझी चूक झाली होती. ती काढ म्हणून सगळ्यांनी सांगितलं. दोन ठिकाणी तिच्यामुळेच नकार आला असं म्हणतात. असेलही. ज्यांना ती ओळ खटकली त्यांच्याकडे माझं जमलंही नसतं. (हे आज सुचतंय, तेव्हा आठवडाभर झोप नव्हती.) पण तिसऱ्या ठिकाणी तासाभराच्या मुलाखतीत चाळीस मिनिटं आम्ही त्याच ओळीवर बोललो, आणि तिथे मी अकरा वर्षं राहिले. तेव्हा मला हट्टी म्हण, ती ओळ घाल.

रविवारपर्यंत नवा खर्डा पाठव. सुरुवात त्या दोन विभागांपासून कर, मेलमध्ये लिहिलंयस तश्शी. आणि ती माणसं पुन्हा तुझ्याशी बोलायला कधी लागली तेही कळव. ते रेझ्युमेत नको, मलाच जाणून घ्यायचंय.

तुझी,
ताई