दुसरी किल्ली

बाणेरचे एक वाचक, वय ५८, लिहितात की तीन बेडरूमचा फ्लॅट झाला, कर्ज फिटले, मुलगी जर्मनीत स्थिरावली, निवृत्तीची तरतूदही चोख आहे, तरी मन कशात रमत नाही. तेव्हा ध्यानशिबिराला जावे की कोकणात जागा घ्यावी?

या प्रश्नांना मी हात लावणार नाही, कारण तुम्ही कंसात लिहिलेले एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. जुलैत दार ओढले गेले, किल्ली आत राहिली, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये होती, म्हणून किल्लीवाला येईपर्यंत तुम्ही दोघे दोन तास जिन्यात बसलात. मजल्यावर चार घरे आहेत, हेही तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे ओल्या कपड्यांनी तीन दारांसमोर बसून राहिलात आणि एकही बेल वाजवली नाहीत! तुमच्या पत्नीलाही मी यातून सूट देत नाही.

नारायण पेठेतल्या वाड्यासाठी तुम्ही हळहळता. तिथे गावाला जाताना किल्ली शेजारच्या खुंटीला लागत असे, विरजणाची वाटी न विचारता आत येत असे. पण ती किल्लीही कोणीतरी आपणहून पहिल्यांदा दिलीच होती ना?

हार्वर्डच्या संशोधकांनी १९३८ पासून ज्या ७२४ पुरुषांचे आयुष्य तपासले, त्यांच्यापैकी पन्नाशीत नात्यांमध्ये समाधानी असलेले लोक ऐंशीत अधिक ठणठणीत निघाले. कोलेस्टेरॉलवरून तेवढा अंदाज बांधता आला नव्हता. आणि २०२५ चा जागतिक आनंद अहवाल सांगतो की हरवलेली पाकिटे लोकांना वाटते त्याच्या सुमारे दुप्पट प्रमाणात परत येतात, आणि पाकीट परत मिळेल हा नुसता भरवसाही माणसाच्या समाधानाशी घट्ट जोडलेला असतो. तुमच्याकडे लॉकर आहे, हा भरवसा नाही.

सोमवारी बँकेत जाऊन ती किल्ली काढा आणि संध्याकाळी समोरच्या घराची बेल वाजवा. आधी ओळख वाढू दे, मग देऊ, असे मनात आणू नका. किल्ली दिल्यानेच ओळख वाढते. त्यांचे आडनाव तुमच्या पत्रात नाही, तेही तेव्हाच विचारून घ्या. आणि त्यांनी आपली किल्ली तुमच्याकडे ठेवायला दिली, तर ती दाराजवळच्या खुंटीला लावा.