‘माउंट करणे’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : शाहूपुरीतल्या एका पतसंस्थेच्या संगणक विभागासाठी लिनक्स सर्व्हरच्या कार्यसूचना मराठीत लिहायच्या आहेत. एनएफएसने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनच्या फायली वापरू देणारी सोय) दुसऱ्या सर्व्हरवरची डिरेक्टरी (फायलींचा कप्पा) आपल्या मशीनवर ‘माउंट’ करतात, त्याला ‘आरोहित करणे’ लिहावे, ‘जोडणे’ लिहावे की माउंटच ठेवावे? ‘पाथ’ला (डिरेक्टरीचे ठिकाण सांगणारी ओळ, उदा. /एमएनटी/हिशेब) ‘मार्ग’ चालेल का?

उत्तर : ‘माउंट करणे’च ठेवा. कमांडही तीच टाकायची आहे. ‘आरोहित’ हा शब्द रात्रपाळीच्या माणसाला उगाच कोड्यात टाकेल. ‘जोडणे’ सोपा आहे खरा, पण इथे घोटाळ्याचा. केबल जोडतात, डिस्क जोडतात, मशीन नेटवर्कला जोडतात; एवढे सगळे जोडून झाले तरी माउंट व्हायचे राहिलेले असू शकते. कंसात अर्थ द्यायचाच असेल तर ‘चढवणे’ आणि उलट क्रियेला ‘उतरवणे’ द्या. मूळ शब्दाचा अर्थही तोच, पूर्वी टेपचे रीळ उचलून यंत्रावर चढवत. गुऱ्हाळात चुलवाणावर काहील चढवतात-उतरवतात, त्यामुळे ही जोडी आपल्या भागात कुणाला समजावावी लागणार नाही.

पण क्रियापदापेक्षा माझा आग्रह ‘वर’साठी आहे. ‘/एमएनटी/हिशेबमध्ये माउंट करा’ असे लिहू नका, ‘/एमएनटी/हिशेबवर माउंट करा’ असे लिहा. माउंट पॉइंट, म्हणजे जिच्यावर माउंट करायचे ती, ही क्लायंटवरची (सर्व्हरच्या फायली वापरणाऱ्या मशीनवरची) साधी डिरेक्टरी असते. सर्व्हरची डिरेक्टरी तिच्या आत जात नाही, तिच्यावर बसते, आणि खाली आधी जे काही असेल ते झाकले जाते. पुसले जात नाही, फक्त दिसेनासे होते.

याचा फटका कसा बसतो ते पाहा. वीज गेली आणि आली. क्लायंट आधी उठला, स्टोरेजचा सर्व्हर मागून. एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना काय माउंट करायचे त्याची यादी) ‘नोफेल’ (माउंट जमले नाही तरी अडू नको) असल्यामुळे क्लायंट माउंटविनाच सुरू झाला. रात्रीच्या बॅकअपच्या स्क्रिप्टला /एमएनटी/हिशेब ही डिरेक्टरी सापडली, तिने फायली मुकाट्याने क्लायंटच्याच डिस्कवर लिहिल्या. सकाळी कुणीतरी माउंट केले आणि त्या फायली ‘गायब’. डीएफ (डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी कमांड) डिस्क भरल्याचे सांगते, डीयू (दिसणाऱ्या फायली मोजणारी कमांड) बेरीज कमी दाखवते. अशा वेळी रूट, म्हणजे सगळ्यात वरची डिरेक्टरी ‘/’, दुसरीकडे बाइंड माउंट करायचे, म्हणजे तीच दुसऱ्या जागीही दाखवायची (माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ) आणि /एमएनटी/मूळ/एमएनटी/हिशेबमध्ये पाहायचे. खालचा माल तिथे दिसतो. पुन्हा होऊ नये म्हणून माउंट उतरवलेले असताना रिकाम्या डिरेक्टरीला ‘सीएचॲटर +आय’ (बदल बंद करणारी खूण) लावा. मग रूट (सर्वाधिकारी) वापरकर्त्यालाही तिच्यात लिहिता येत नाही, माउंट मात्र होते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट -क्यू’ने माउंट झाले आहे का याची तपासणी ठेवावी ती वेगळीच.

आता ‘पाथ’. ‘मार्ग’ म्हटले की नेटवर्कवाल्याला राउटिंग आठवते, ‘पत्ता’ म्हटले की आयपी. पाथ पुल्लिंगी चालवा आणि तो कुठल्या मशीनवरचा ते दर वेळी लिहा : ‘सर्व्हरवरचा पाथ’, ‘क्लायंटवरचा पाथ’. नुसते ‘पूर्ण पाथ’ पुरत नाही. सर्व्हरच्या एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये (कुठली डिरेक्टरी कुणाला द्यायची ती यादी) /डेटाला ‘एफएसआयडी=०’ (हीच मूळ डिरेक्टरी अशी खूण) दिलेले असेल तर एनएफएस आवृत्ती ४चा क्लायंट /डेटा हेच मूळ धरतो आणि ‘सर्व्हर:/हिशेब’ असे लिहावे लागते. आवृत्ती ३ला मात्र ‘सर्व्हर:/डेटा/हिशेब’ असा अख्खा पाथ लागतो. आवृत्ती बदलली की जुना पाथ चालेनासा होतो तो बहुधा यामुळे.

टंकलेखनाचीही एक सवय इथे आवरा. मराठी मजकुरात कंसाआधी आपण जागा सोडतो. एक्स्पोर्ट्समध्ये ‘शाखा१(आरडब्ल्यू)’, म्हणजे शाखा१ या मशीनला वाचण्या-लिहिण्याचा हक्क, हे सलगच हवे. मध्ये जागा पडली तर शाखा१ला फक्त डीफॉल्ट हक्क, म्हणजे वाचण्यापुरते, मिळतात आणि लिहिण्याचा हक्क बाकी सगळ्यांना जातो. मसुदा वर्डमध्ये करून फाइलमध्ये चिकटवणाऱ्यांनी हे आधी तपासावे. बदल लागू करायला ‘एक्स्पोर्टएफएस -आरए’ चालवायचे. एफएसटॅबमध्ये उलट पाथच्या नावातच जागा असेल तर तिथे \०४० लिहितात (आकडे अर्थात इंग्रजी अंकांत). त्यापेक्षा नावात जागा न ठेवणे बरे.

‘अनमाउंट’ बोलताना ठीक, पण कमांडमध्ये पहिला ‘एन’ नाही, ती ‘यूमाउंट’ आहे. हे ठळक छापा. ‘टार्गेट इज बिझी’ (वापरात आहे) असा संदेश आला तर कुणाचे तरी शेल (कमांड टाकायची खिडकी) त्या डिरेक्टरीत उभे असते किंवा फाइल उघडी असते. ‘फ्यूजर -व्हीएम’ने ती अडवणारी प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) सापडते. ‘यूमाउंट -एल’ला ‘सक्तीने उतरवणे’ लिहू नका. ती वाट फक्त नजरेआड करते, आधीपासून फाइल धरून बसलेल्या प्रोसेस तशाच राहतात. सक्तीचा पर्याय ‘-एफ’.