शहराबाहेर हलवल्या जाणाऱ्या प्राणिसंग्रहालयात भविष्यात कोणते प्राणी आणि कसे अधिवास असावेत?

आपण लिहिले आहे की आपल्या शहराच्या मध्यवस्तीतील जुने प्राणिसंग्रहालय आता शहराबाहेरच्या प्रशस्त जागेत जाणार आहे, तेथील उन्हाळा आमच्या धुळे-जळगावसारखाच कडक असतो, आणि नव्या जागेत कोणते प्राणी व कसे अधिवास असावेत याची कल्पना वाचकांनी मांडावी. सोबत आपली पसंतीही दिली आहे: पांढरे वाघ, जिराफ आणि झेब्रे असलेला आफ्रिकी विभाग, आणि पेंग्विन. माझ्या मते प्राण्यांची यादी सर्वांत शेवटी करावी. मे महिन्यातील दुपारी तीन वाजता प्रत्येक प्राणी कोठे पडून राहील, आणि कोणालाही न दिसता त्याला राहता येईल अशी जागा कोठे असेल, हे आधी ठरवावे. त्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की यादीतील निम्मी नावे आपोआप गळतात.

माझी सगळी नोकरी पशुसंवर्धन खात्यात, खान्देशातच झाली. नव्वदच्या दशकाच्या आरंभी गाई-म्हशींच्या दवाखान्यासोबत तालुक्याच्या एका गावातील बागेत ठेवलेल्या प्राण्यांची तपासणीही माझ्याकडे होती. त्या काळी अनेक गावांच्या बागांत असे लहान संग्रह असत. आमच्याकडे चितळ, माकडे, मोर आणि तरसांची एक जोडी होती. बाजारपेठ वाढत वाढत बागेच्या भिंतीला भिडली, तेव्हा हे प्राणी गावाबाहेरच्या टेकडीवर हलवण्याचे ठरले आणि आराखड्यासाठी एक समिती नेमली गेली. समितीपुढे ठेवलेल्या रंगीत चित्रात कारंजे होते, सिंहाच्या जबड्यासारखे प्रवेशद्वार होते, लहान मुलांची आगगाडी होती. प्राण्यांच्या रात्रीच्या खोल्या मात्र मागच्या कडेला एका रांगेत आखल्या होत्या. सगळ्यांची दारे पश्चिमेला आणि वर पत्र्याचे छप्पर. ज्या प्रदेशात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तेथे पश्चिमेकडे तोंड केलेल्या पत्र्याच्या खोलीत संध्याकाळी सहा वाजता काय अवस्था असते, हे सांगण्यासाठी पशुवैद्यक असण्याचीही गरज नाही.

तरसाची मादी जुन्या पिंजऱ्यात दिवसभर येरझारा घालत असे. तेच वळण, तीच पावले, तोच कोपरा, इतक्या नेमाने की तेथील फरशी गुळगुळीत झाली होती आणि गजांना घासून घासून तिच्या नाकाडावर कायमची जखम झाली होती. मी मलम देत होते, जंतनाशक देत होते, आहारात हाडे वाढवून पाहत होते, आणि जखम बरी होत नव्हती. शेवटी तेथील राखणदाराने मला सांगितले, “डॉक्टरताई, त्याले अंधार लागस, बाकी काहीच नही.” तो माणूस सातपुड्याच्या पायथ्याचा होता आणि तरस दिवसा कोठे दडते हे त्याने लहानपणापासून पाहिलेले होते. गटारीच्या कामातून उरलेला एक सिमेंटचा रुंद पाइप आम्ही पिंजऱ्यात आणला, त्याचे एक तोंड वाळूच्या गोण्यांनी बुजवले आणि वरून मुरूम टाकला. मादीने प्रथम बाहेरून हुंगले, रात्री आत गेली, आणि त्यानंतर दिवसाचा बहुतेक वेळ ती तेथेच झोपू लागली. येरझारा थांबल्या. नाकाडाची जखम वाळली. दिवेलागणीच्या सुमारास ती स्वतःहून बाहेर येई, पिंजऱ्याच्या मध्यभागी बसून हाड फोडत राही, आणि त्या वेळी जो कोणी गजांपाशी उभा असेल त्याला तरस म्हणजे काय ते खऱ्या अर्थाने पाहायला मिळत असे.

तक्रारी मात्र दुपारी येणाऱ्यांच्या होत्या. पिंजरा रिकामा आहे, प्राणी मेला की काय, अशा त्या तक्रारी होत्या. समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा मी आग्रह धरला की टेकडीवरच्या नव्या आराखड्यात असे बीळ कायमचेच बांधावे आणि बाग उन्हाळ्यात संध्याकाळी उघडी ठेवावी. अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, लोक तिकीट काढून प्राणी बघायला येतात, बीळ बघायला येत नाहीत.” सभागृहात कोणीही माझ्या बाजूने बोलले नाही. पाइप काढून टाकण्याचा आदेश निघाला, तो काढला गेला, आणि महिना उलटण्याच्या आत मादीच्या नाकाडावर पुन्हा रक्त दिसू लागले. त्याच बैठकीत तरसांऐवजी पांढऱ्या वाघाची जोडी मिळवण्याचा ठरावही मांडला गेला होता, म्हणून आपल्या प्रश्नातील पहिलेच नाव वाचल्यावर मला हे सारे लिहिल्यावाचून राहवले नाही. पुढे वन्यजीव कायद्यात १९९१ ची दुरुस्ती आली, १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, त्या निकषांत आमची लहान बाग बसली नाही आणि प्राणी दुसरीकडे पाठवले गेले. टेकडीवरचा आराखडा कागदावरच राहिला, आणि त्या विशिष्ट आराखड्याबाबत मला त्याचे मुळीच वाईट वाटत नाही.

अध्यक्षांना तेव्हा जे उत्तर मला नीट देता आले नाही, ते आज देते. लपण्याची जागा दिल्याने प्राणी कमी दिसतो ही समजूतच चुकीची आहे. बासेल आणि झुरिक येथील प्राणिसंग्रहालयांचे संचालक राहिलेले हाइनी हेडिगर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावरच मांडले होते की प्रत्येक प्राण्याचे पलायनाचे एक ठरावीक अंतर असते, आणि माणूस त्या अंतराच्या आत आला व मागे सरकायला जागा उरली नाही की प्राणी सतत भयात राहतो. पाठीशी सुरक्षित आडोसा असलेला प्राणी उलट माणसाच्या जवळ शांतपणे वावरतो. भविष्यातील तरसाचे दालन म्हणूनच मी असे कल्पिते: वर खडक, बोरी-बाभळी आणि मुरुमाचे उंचवटे असलेले मोकळे आवार; त्याच्या पोटात मातीने झाकलेली दोन-तीन बिळे; आणि प्रेक्षकांसाठी उताराने जमिनीखाली जाणारी एक थंड, अंधारी वाट, जिच्या शेवटी एका बिळाच्या भिंतीत जाड काच असेल व आत मंद तांबडा प्रकाश. बहुतेक निशाचर सस्तन प्राण्यांना तो प्रकाश फारसा जाणवत नाही. उरलेल्या बिळांना काच नसावी. कोणत्या बिळात झोपायचे हे तरसाने ठरवावे. जो प्रेक्षक मे महिन्यात जमिनीखाली उतरून गारव्यात झोपलेले तरस पाहील, त्याला त्याच्या गावाबाहेरच्या नाल्यातील बीळ कशासाठी असते तेही कळेल. सिंगापूरने १९९४ मध्ये केवळ रात्री उघडणारे प्राणिसंग्रहालय सुरू केले आणि तेथे लोक अंधारातच प्राणी पाहायला जातात, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी बंद आणि संध्याकाळी उघडे ही वेळ काही अशक्य कोटीतील नाही. आमच्याकडे तर उन्हाळ्यात माणसेही संध्याकाळीच घराबाहेर पडतात.

पांढऱ्या वाघाबाबत थोडक्यात सांगते: तो नव्या जागेत मुळीच आणू नये. आपल्याकडील बहुतेक पांढरे वाघ १९५१ मध्ये रीवा येथे पकडलेल्या मोहन नावाच्या एकाच नराचे वंशज आहेत, आणि रंग टिकवण्यासाठी त्याचा त्याच्याच मुलीशी संकर केला गेला. तिरळेपणासारखे दोष या प्राण्यांत वारंवार दिसतात. जंगलात त्यांना परत सोडता येत नाही आणि संवर्धनात त्यांचा काहीही उपयोग नाही. पेंग्विनसाठी मुंबईत थंड दालन उभारले गेले, ते महानगराला परवडते. भारनियमन सोसणाऱ्या गावाने वीज गेल्यावर पहिला प्राण जाणारा प्राणी निवडू नये. जिराफाला माझा तितका विरोध नाही, परंतु त्याची पाळी बरीच नंतर यावी.

मग आधी कोण? आपल्याच प्रदेशातील प्राणी, त्यांच्याच भूमीसह. खान्देशापुरते बोलायचे तर मला तीन अधिवास डोळ्यांपुढे दिसतात. पहिला सातपुड्याच्या उताराचा: अंजन, सालई, धावडा, मोह यांची झाडे, खडकांच्या कपारी, त्यात अस्वल आणि वेगळ्या आवारात चौशिंगा. दुसरा कुरणाचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, कारण पवन्या-मारवेलची कुरणे लोक पडीक जमीन समजतात. येथे लांडगा आणि चिंकारा खोल, गवताने झाकलेल्या खंदकाच्या दोन बाजूंना असावेत, म्हणजे पाहणाऱ्याला ते एकाच माळावर दिसतील. जर्मनीत कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हॅम्बर्गजवळ गजांऐवजी खंदक वापरून हेच साधले होते, त्यामुळे यात नवे तंत्र काहीच नाही. तिसरा तापीकाठचा: मगर, कासवे आणि पाणमांजर. सुरत येथे तापीच्याच काठावर असलेल्या प्राणिसंग्रहालयात पाणमांजरांची पैदास झालेली आहे, तेव्हा जाणती माणसे शोधायला फार दूर जावे लागणार नाही.

रानपिंगळा मात्र पिंजऱ्यात आणू नये. शंभरहून अधिक वर्षे नाहीसा मानला गेलेला हा लहानसा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तो दिवसाही वावरतो, आणि त्याच्या नावाने एक दालन असलेच पाहिजे. परंतु त्या दालनात सागाच्या ढोलीची प्रतिकृती, त्याचा आवाज आणि त्याच्या जंगलाचे काय झाले याचा नकाशा असावा. प्राणिसंग्रहालयाने एखादा प्राणी ठेवण्यास नकार देणे हेही लोकांनी पाहावे.

जागेविषयी दोन गोष्टी चित्रे काढणारे विसरतात. एक, आमची काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खंदकाच्या भिंती तडकतात. शिवाय पावसाळ्यात तिच्या चिखलात उभे राहून हरणांचे खूर सडतात. हरणांच्या आवारात मुरुमाचा उंच ओटा आणि चाऱ्याची गव्हाण जमिनीपासून वर हवीच. दुसरी, झाडे. ठिबक टाकून झाडे आधी तीन-चार वर्षे वाढवावीत आणि मगच प्राणी आणावेत. केळीच्या बागेला वारा लागू नये म्हणून आमचे शेतकरी कडेने शेवरी आणि गजराज गवत दाट लावतात, तसाच पट्टा प्रत्येक आवाराच्या पश्चिमेला लावला तर लू अडते आणि प्रेक्षकांपासून आडोसाही मिळतो. आपल्या देशात याचे मोठे उदाहरण केरळमध्ये आहे: त्रिशूरचे १८८५ चे शहरातील प्राणिसंग्रहालय पुत्तूर येथे हलवण्यासाठी जॉन को या रचनाकाराकडून अधिवासांचे आराखडे करून घेतले गेले. सत्तरच्या दशकात सिएटलमध्ये गोरिलांसाठी प्राणी आणि माणूस एकाच झाडीत राहतील अशी रचना करणाऱ्यांपैकी ते एक होते. ते आराखडे अवश्य पाहावेत.

प्रत्यक्ष स्थलांतराबाबत एवढेच सांगते की वाहतुकीची पेटी प्राण्याच्या खोलीत कित्येक आठवडे आधी ठेवून त्याला रोज तिच्यातच खाऊ घालावे, म्हणजे तो स्वतःहून आत जातो आणि भुलीचे औषध देण्याची वेळ येत नाही. प्रवास रात्रीचा आणि हिवाळ्यातला असावा. नव्या जागेभोवतीच्या गावांतील कुत्र्यांचे आणि गुरांचे लसीकरण प्राणी येण्यापूर्वी पूर्ण व्हावे. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू आढळला आणि बरेच सिंह दगावले. लाळ्या-खुरकूत तर गुरांकडून हरणांत सहज जातो. ज्या गावांची चराई या जागेमुळे जाणार आहे, त्यांना कुंपणाबाहेर चारा-जमीन दिली नाही, तर त्यांची गुरे आत येणारच, आणि दोष त्या गुराख्यांचा नसेल.

हे सारे लिहिताना एक मर्यादा सांगणे भाग आहे: माझा अनुभव लहान संग्रहाचा आहे. शिवाय प्राधिकरणाची किमान क्षेत्रफळे, उदाहरणार्थ वाघांच्या जोडीला एक हजार चौरस मीटर, ही खालची मर्यादा आहे, आदर्श नव्हे, आणि संपूर्ण आराखड्याला प्राधिकरणाची मंजुरी लागते. त्यामुळे माझ्या कल्पनेतील जमिनीखालची वाट आपल्या जागेच्या खडकावर आणि निधीवर अवलंबून राहील. उन्हाळा सौम्य असेल तेथे क्रम थोडा बदलता येईल. आपल्या शहरात सूचना मागवल्या जातील तेव्हा रंगीत चित्र बाजूला ठेवून रात्रीच्या खोल्यांचा नकाशा मागावा आणि तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: दारे कोणत्या दिशेला आहेत, छप्पर कशाचे आहे, आणि दिवसभर दृष्टीआड राहायचे ठरवलेल्या प्राण्याला तेथे तसे राहू दिले जाईल काय. हा नकाशा आपल्याला मिळाला तर येथे जोडावा. मी तो पाहून प्रत्येक खोलीबद्दल माझे मत लिहीन.