२१व्या दिवशी म्हैस उलटते, तेव्हा प्रोजेस्टेरॉन टोचून गाभ टिकेल का?

मोहोळच्या गोठ्यातल्या तुमच्या पंढरपुरी म्हशी रेतनानंतर बरोबर २१ दिवसांनी उलटतात, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येतात, म्हणून त्या दिवशी प्रोजेस्टेरॉन (गाभ टिकवणारं हार्मोन) टोचावं का, असं तुम्ही विचारलंय. टोचू नका. फार तर माज लांबेल. निकाल साधारण १६व्या दिवशीच गर्भाशयाच्या अस्तरात लागलेला असतो.

प्रोजेस्टेरॉन पेशीतल्या आपल्या रिसेप्टरला (हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं आणि ही जोडी डीएनएवर ठरावीक जागी बसून काही जनुकं चालू करते, काही बंद. म्हणून रक्तात हार्मोन किती, एवढ्यानं भागत नाही. अस्तरात रिसेप्टर आहे का, तेही बघावं लागतं. गंमत म्हणजे प्रोजेस्टेरॉन सलग दहा-बारा दिवस राहिलं की अस्तराच्या वरच्या थरातला स्वतःचाच रिसेप्टर कमी करतं. लगाम सुटतो. मग इस्ट्रोजेनचा आणि ऑक्सिटोसिनचा रिसेप्टर वाढतो, ऑक्सिटोसिनमुळे अस्तर प्रोस्टाग्लँडिन सोडतं, आणि ते बीजांडकोषावरचं पीतपिंड, म्हणजे प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ, विरघळवतं. प्रोजेस्टेरॉन कोसळलं की म्हैस माजावर.

जिवंत गर्भ नेमका इथे आडवा येतो. तोवर तो धाग्यासारखा लांब झालेला असतो आणि इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडतो; हाच त्याचा आईला निरोप. त्यामुळे ऑक्सिटोसिन रिसेप्टरचं जनुक दबून राहतं, पीतपिंड वाचतं. (हा तपशील मुख्यतः मेंढी आणि गाईवरच्या अभ्यासातला आहे.)

म्हणून तारखा लिहून ठेवा. २१व्या दिवशी उलटली तर बीज फळलंच नाही, किंवा गर्भ १६व्या दिवसाआधी मेला, नाहीतर इतका लहान राहिला की त्याचा निरोप पुरला नाही. २५ दिवसांच्या पुढे उलटली तर निरोप बहुधा पोचला होता, गर्भ नंतर गेला.

तुमच्या बाबतीत मी आधी रेतनाची वेळ तपासेन: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. मग ऊन. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो आणि कोवळा गर्भ पहिल्या काही दिवसांतच उष्णतेनं सर्वांत जास्त मरतो. रेतनानंतरचा आठवडा तरी सावली आणि दिवसातून दोन-तीनदा पाणी मारणं सोडू नका. सोट (माजात योनीतून येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ नसेल, गढूळ किंवा पुवाळलेला असेल, तर आधी डॉक्टरांकडून गर्भाशयाचा उपचार, रेतन नंतर.

आणि एक: काही गाभण जनावरंही माज दाखवतात. तपासणीशिवाय पुन्हा रेतन करू नका, प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन तर नाहीच; पीतपिंड विरघळून असलेला गाभ पडेल.