शिडाच्या होडीवरील जॅझ ऐकण्यापूर्वी

आपण सोलापूरहून प्रथमच मुंबई बंदरातील सायंकाळच्या शिडाच्या सफरीला जात आहात, तेव्हा जागा विचारपूर्वक निवडावी. वारा वादकांकडून आपल्याकडे येईल अशा बाजूस बसल्यास सॅक्सोफोनबरोबर डबल बास या मोठ्या तंतुवाद्याचे खर्जातील हलके स्वरही ऐकू येतात. विरुद्ध बाजूस ते वाऱ्यातच विरतात. होडी वळताना शिडाखालचा आडवा दांडा झपाट्याने फिरतो, म्हणून खलाशाने सांगताच, वादन कितीही रंगलेले असले तरी, डोके खाली घ्यावे. रचना संपण्याची वाट न पाहता प्रत्येक एकल वादनानंतर टाळ्या देण्याची जॅझमध्ये रीत आहे. तलावाच्या संथ पाण्याची सवय समुद्रावर उपयोगी पडत नाही. पोट हलके ठेवावे आणि शेंगाचटणी-भाकरी परतीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेससाठी राखावी. पावसाळ्यात हा बेत आखूच नये.