‘टाइप नॉर्मलायझेशन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कंपायलरच्या (कोड तपासून यंत्रभाषेत नेणाऱ्या प्रोग्रॅमच्या) अंतर्भागावर मराठीत टिपणे लिहिताना ‘टाइप नॉर्मलायझेशन’साठी ‘सामान्यीकरण’ चालेल की ‘प्रमाणीकरण’?

उत्तर: दोन्ही टाळावेत. टाइप म्हणजे मूल्याचा प्रकार, जसे ‘यू३२’ हा ३२ बिटी पूर्णांक; दुसऱ्या टाइपकडे बोट दाखवणारे नाव (एलियस) उलगडून त्यामागचा टाइप काढणे म्हणजे टाइप नॉर्मलायझेशन. ‘सामान्यीकरण’ म्हणजे विशेषाकडून सामान्याकडे जाणे, अर्थात जनरलायझेशन. रस्टच्या टाइप इन्फरन्समध्ये (न लिहिलेला टाइप कंपायलरने ओळखण्यात) ती वेगळीच क्रिया आहे, त्यामुळे एकाच पानावर दोन अर्थ भांडतील. ‘प्रमाणीकरण’ हल्ली लॉगिन करताना ओळख पटवण्यासाठी रुळले आहे. ‘संक्षिप्त रूप’ जवळचे वाटते, पण ६/८ चे ३/४ होते तसे इथे दरवेळी लहान काही मिळत नाही. टाइप मोठाही होऊ शकतो.

माझी शिफारस: क्रियेला ‘प्रमाण रूपात आणणे’ आणि फळाला ‘प्रमाण रूप’. शाळेत बहुपदीचे प्रमाण रूप सगळ्यांनीच लिहिलेले असते. कंसात मात्र ‘नॉर्मलाइझ’ द्यावे, कारण वाचक सोर्समध्ये तोच शब्द शोधणार.

आता अर्थ नीट बसतो का ते पाहू. ‘व्हेक<यू३२>’साठी (‘यू३२’ मूल्यांच्या यादीसाठी) ‘इंटू-इटरेटर’ या ट्रेटचा (टाइपने पाळायच्या कराराचा) ‘आयटम’, म्हणजे एकेका घटकाचा टाइप, असे लिहिले, तर कंपायलर लागू होणारा इम्प्ल (तो करार त्या टाइपसाठी पूर्ण करणारा कोड) शोधतो, त्यात ‘आयटम’ला दिलेला टाइप घेतो, जेनेरिक, म्हणजे नंतर ठरणाऱ्या टाइपच्या, जागी ‘यू३२’ भरतो आणि हाती आलेल्यात आणखी एलियस असेल तर पुन्हा हेच करतो. शेवटी उरतो ‘यू३२’. इम्प्ल स्वतःभोवतीच फिरत राहिले तर ही साखळी रिकर्शन लिमिटला, म्हणजे मुळात १२८ ला, अडते आणि ई०२७५ ही चूक येते.

टिपणात सर्वाधिक घोटाळा होतो तो ‘टी::आयटम’पाशी (‘टी’ हा जेनेरिक टाइप). फंक्शनवर ‘टी: इटरेटर’ एवढीच अट असेल तर हा एलियस उलगडत नाही, तो रिजिड, म्हणजे आणखी न उलगडणारा, असतो. इथे ‘नॉर्मलायझेशन फसले’ असे लिहू नये. तेच त्याचे प्रमाण रूप! अट ‘टी: इटरेटर<आयटम = यू३२>’ अशी असेल तर त्याच ‘टी::आयटम’चे प्रमाण रूप ‘यू३२’ होते. म्हणून ‘कोणत्या पॅराम-एन्व्हमध्ये’ (त्या ठिकाणी लागू असलेल्या अटींच्या संचात) हे शब्द वाक्यात हवेतच. मूळ टाइपच अजून इन्फरन्स व्हेरिएबल (कंपायलरला न कळलेला टाइप) असेल तर प्रकार तिसरा: उत्तर अनिश्चित, पुढे माहिती मिळेपर्यंत थांबायचे. यालाही ‘रिजिड’ म्हणू नये.

नमुना वाक्य असे लिहिता येईल: “फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये जेनेरिक आर्ग्युमेंट भरल्यावर आलेला टाइप, कॉल करणाऱ्याच्या पॅराम-एन्व्हमध्ये प्रमाण रूपात आणावा (नॉर्मलाइझ).” ‘भरल्यावर’ हा शब्द गाळू नका. आधी प्रमाण रूपात असलेला ‘टी::आयटम’ ‘टी’च्या जागी ठोस टाइप आला की तसा राहत नाही. ही पायरी सुटली आणि दोन टाइपांची नुसती रचना ताडून पाहिली, तर एकच असलेले टाइप वेगळे ठरतात.